चौदा तारखेचा चंद्रोदय

“चौदा तारखेला आपण कुठं असू?” यमुनेनं विचारलं.

मी जेवणाच्या टेबलावर चार देश पसरून बसलो होतो. डेन्मार्कवर मिठाची बरणी, स्वीडन आडवा, फिनलंडच्या कोपऱ्यावर तिनंच मघाशी ठेवलेली शेंगांची टरफलं, आणि नॉर्वे टेबलावर मावेना म्हणून माझ्या मांडीवर लोंबत होता.

“चौदाला?” मी पट्टी वर सरकवली. “चौदाला दुपारी अडीचला नॉर्थ केप. युरोपातला रस्ता तिथं संपतो. पुढं समुद्र, समुद्राच्या पुढं बर्फ. मुक्काम तिथंच.”

“आणि चंद्रोदय?”

“कसला चंद्रोदय?”

“चौदाला संकष्टी आहे. तिथं चंद्र किती वाजता उगवतो?”

फलटणच्या एसटी स्टँडवर मी एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, कुठली सुटली, कुठली अडकली ते वहीत लिहायचं. एवढ्या वर्षांत कुणी वेळ विचारली आणि मला सांगता आली नाही, असं कधी झालं नव्हतं. ठाऊक नसली तरी सांगायचो. एका थंडीत दाट धुकं पडलं होतं, तेव्हा मी दहिवडी गाडी इतक्या झोकात पुकारली की पन्नास माणसं रांगेनं पुढं सरकली, एकामागोमाग एक चढली, खिडकीच्या जागेवरून दोघांची जुंपली, आणि धुकं विरल्यावर बघतात तर गाडी अजून आलेलीच नव्हती! तुमचा विश्वास बसत नसेल तर राहू द्या. यमुनेचाही कधी बसला नाही.

पण चंद्राची वेळ काही मला सांगता येईना.

ही दोन हजार सहा सालची गोष्ट. आमचा मुलगा सुहास तेव्हा स्वीडनला नोकरी करत होता, सून मृणालही तिथंच होती. त्यानं आम्हाला बोलावून घेतलं. फोनवर म्हणाला, “आप्पा, जूनमध्ये गाडीनं चार देश फिरू. मला आणि मृणालला आठ ते अठरा रजा आहे. वेळापत्रक मात्र तुम्ही करायचं.”

जन्मभर मी दुसऱ्यांना गावाला पाठवलं. स्वतः पुण्याच्या पलीकडं गेलो नव्हतो. मग काय विचारता! कागद आणले, नकाशे आणले, वाचनालयातल्या पोरांकडून इंटरनेटवरचे रस्ते काढून घेतले आणि एसटीच्या शिस्तीत आखणी केली. कोपनहेगन विमानतळ सुटणे. स्टॉकहोम पोहोचणे. रात्रीची बोट, पलीकडं फिनलंड. दर दोन तासांनी चहा, वीस मिनिटं. वर जायला सात दिवस, नॉर्वेतून खाली यायला चार.

ते सगळं सुहासला कळवलं, तर तो हसायलाच लागला.

“आप्पा, तुम्ही रोज ‘दिवेलागणीच्या आत मुक्काम’ लिहिलंय.”

“मग? परक्या मुलखात अंधारात गाडी चालवणार काय?”

“वर अंधार पडतच नाही हो जूनमध्ये. सूर्य मावळत नाही.”

“आठवडाभर?”

“नॉर्थ केपला अडीच महिने.”

फोन ठेवून मी किती तरी वेळ नकाशाकडं बघत बसलो. अडीच महिने ऊन! मग माणसं झोपतात कधी? कोंबड्या खुराड्यात जातात तरी कशा? मुक्कामी गाडीनं मुक्कामी जायचं कधी? मी जन्मभर थापा मारल्या, पण इतकी मोठी थाप मला सुचली नव्हती आणि ती खरी निघाली, याचं थोडं वाईटही वाटलं.

आणि आता हा चंद्र.

यमुनेच्या संकष्टीबद्दल सांगायला हवं. सुहास सहा वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला. घसा बंद होत आला होता. दवाखान्यात त्याच्या आईला आत सोडेनात, म्हणून ती व्हरांड्यात बसून होती. त्या दिवशी चतुर्थी होती. समोरच्या लिंबाच्या वर चंद्र आला आणि आतून पोर खणखणीत रडलं. तेव्हापासून तीस वर्षं, दर संकष्टीला ती दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नाही आणि चंद्र पाहिल्याशिवाय पान वाढून घेत नाही. कॅलेंडरात छापलेली वेळ तिला चालत नाही. चंद्र दिसला पाहिजे. तिला नाही तर नाही, पण कुणातरी खात्रीच्या माणसाला.

पावसाळ्यात फलटणवर ढग असले की मी स्टँडवरून फोन फिरवायचो. लोणंद, बारामती, दहिवडी. “काय हो, तुमच्याकडं चंद्र आहे का?” पलीकडचा नियंत्रक बाहेर जाऊन बघून यायचा. नाहीच कुठं लागला तर उशिराच्या गाडीचा ड्रायव्हर घरी येऊन सांगायचा, “वहिनी, मोगराळ्याच्या घाटात बघितला, लालसर होता.” की ती हात जोडून पान घ्यायची. ड्रायव्हरचा चालला, कंडक्टरचा चालला, एकदा तर बाजाराहून परतणाऱ्या शेळ्यांच्या व्यापाऱ्याचाही चालला.

फक्त माझा चालत नव्हता.

त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी एकदा मी गच्चीवरून ओरडलो, “दिसला!” ती धावत वर आली. “कुठं?” मी बोट दाखवलं. ती बघत राहिली आणि मग शांतपणे म्हणाली, “तो पाण्याच्या टाकीवरचा बल्ब आहे.” भूक मलाही लागली होती हो! पण त्या दिवशी तिनं सांगून टाकलं, “आजपासून तुम्ही पाहिलेला चालायचा नाही.” आणि तीस वर्षं तो चालला नाही.

तर मी शेजारच्या गुळवणीबाईंकडं गेलो. बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पंचांगाचं गणित स्वतः मांडायचा त्यांना नाद. खोटं म्हणून बोलता यायचं नाही. कुणी नवी साडी दाखवली तर म्हणायच्या, “धुतल्यावर आटणार ही.”

“अक्षांश?” बाईंनी चष्मा लावला.

“एकाहत्तर.”

त्यांनी जुन्या वहीत आकडे मांडले, खोडले, परत मांडले. मी दोन कप चहा प्यालो.

“भोईटे, उगवत नाही.”

“उशिरा उगवत असेल.”

“उशिरा नाही. त्या दिवशी तिथं चंद्र उगवतच नाही.” बाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून छोटा तराजू घेऊन आल्या. एका पारड्यावर बोट ठेवलं. “हा सूर्य. जूनमध्ये तिथं तो वरच राहतो, खाली उतरायचं नाव घेत नाही. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र त्याच्या बरोबर समोरचा, म्हणजे या दुसऱ्या पारड्यातला. हे वर असेल तर ते कुठं असणार?”

“खाली.”

“झालं तर.”

“म्हणजे त्या दिवशी तो असतो तरी कुठं?”

“आपल्याकडं. रात्री दहाच्या सुमाराला, तुमच्या त्या टाकीच्या उजव्या अंगाला.” त्या टाकीचा विषय सगळ्या गल्लीला माहीत होता.

घरी येऊन मी यमुनेला जसंच्या तसं सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही.

“सूर्य मावळत नाही म्हणालात, ते मी ऐकून घेतलं. सुहासही तसंच म्हणाला. आता चंद्र उगवत नाही? उद्या म्हणाल तिथं म्हशी उडतात.”

“अगं, खरंच सांगतोय.”

“धुक्यातली गाडीपण खरीच होती.”

आता बघा, मी खरं बोललो होतो. ती मानत नव्हती, त्यात माझा काय दोष? व्हिसा आला होता, तिकिटं आली होती. गप्प बसलो असतो तर आम्ही दोघंही गेलो असतो. दोन दिवस मी गप्प बसलोही. पण नकाशावर पट्टी लावली की नॉर्थ केपच्या टोकाशी मला ती बसलेली दिसायची, उपाशी, आभाळाकडं तोंड करून. तिसऱ्या दिवशी मी गुळवणीबाईंना तराजूसकट घरी आणलं.

यमुनेनं सगळं नीट ऐकून घेतलं. दोन्ही पारडी स्वतः वर-खाली करून बघितली. मग म्हणाली, “मग तुम्ही जाऊन या. मी इथंच राहते.”

चिडली नाही, रडली नाही. भाजी आणायला तुम्ही जा म्हणाल्यासारखं म्हणाली.

मग मी नवं वेळापत्रक करायला घेतलं. चौदाला चंद्र मिळेल असं गाव शोधायचं, तर निम्म्यातनं माघारी फिरावं लागत होतं. सहा दिवसांत सहा आराखडे केले. शेवटी सुहासला फोन लावला.

“सुहास, नॉर्थ केप रद्द. आपण स्टॉकहोमवरूनच मागं वळू. वर रस्त्यावर रेनडियर बसलेत म्हणे. हजार-दोन हजार. उठत नाहीत.”

“आप्पा, खरं कारण?”

सांगितलं. तो म्हणाला, “आईला द्या.” मी फोन दिला. पलीकडचं मला ऐकू येत होतं. “आई, तू माझ्यासाठी धरलंस ना हे? मग मीच सांगतो, त्या एका दिवशी सोड.”

“तू कोण सांगणारा?” यमुना म्हणाली. “तेव्हा शब्द मी दिला. तू तर आत झोपला होतास.” फोन ठेवला आणि माझ्याकडं वळली. “आणि तुम्ही कशाला रद्द करताय? रस्ता संपतो ते ठिकाण बघायचंय ना? एकतीस वर्षं लोकांना सांगत बसलात, गाडी पुढं कुठं जाते ते. एकदा जाऊन बघा की पुढं काय असतं.”

“तुझ्याशिवाय?”

“फोटो काढून आणा. नाहीतरी तुम्ही सांगितलेलं कोण खरं मानणार?”

त्यानंतर टेबलावरचे नकाशे मी गुंडाळून ठेवले. पण गंमत अशी, की मी गुंडाळायचो आणि दुपारी बघावं तर ते पुन्हा उलगडलेले. एकदा मी दारातच थांबलो. यमुना चष्मा लावून नॉर्वेवरून बोट वर नेत होती. टोकाला आली की थांबायची, बोट कागदाबाहेर काढायची आणि तिथल्या रिकाम्या टेबलाकडं बघत राहायची.

“काय बघतेस?”

“काही नाही. तिथल्या बायका उपास कसा सोडत असतील?”

“तिथल्या बायका धरतच नसतील.”

“एखादी असेलच की आपल्याकडची लग्न होऊन गेलेली.” मग जरा थांबून, “आणि सबंध दिवस ऊन असतं तर पापड किती चांगले वाळत असतील, नाही?”

“थंडी असते गं.”

“उनात थंडी?” तिनं चष्मा काढला. “अहो, बाई काय म्हणाल्या होत्या? त्या दिवशी तो असतो कुठं?”

“आपल्याकडं.”

“आपल्याकडं म्हणजे इथं, गच्चीवरून दिसणार?”

“टाकीच्या उजवीकडं.”

“मग लोणंदला दिसलेला चालतो आणि फलटणला दिसलेला चालणार नाही होय? खात्रीचं माणूस इथं बघेल आणि तिकडं कळवेल.”

एकतीस वर्षं फोन फिरवून चंद्र शोधणारा मी, सहा आराखडे केले, आणि हे मला सुचलं नव्हतं! ती मात्र नॉर्वे गुंडाळायला लागली, कारण टेबलावर पोळपाट ठेवायचा होता.

गुळवणीबाईंनी नुकताच मोबाइल घेतला होता. ठरलं असं: चंद्र दिसला की बाईंनी मृणालच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. उचलायचा नाही, वाजला की समजायचं. “पण मला दिसला तरच,” बाई म्हणाल्या. “ढग असले तर वाजवणार नाही, आधीच सांगते.”

“वाजवूच नका,” यमुना म्हणाली. “म्हणून तर तुम्हाला सांगतेय.” आणि माझ्याकडं बघितलं.

मी वेळापत्रकात नवी ओळ घातली. १४ जून, नॉर्थ केप. सायंकाळी साडेसहा: फलटणहून चंद्र.

आणि आम्ही निघालो. ते चार देश सांगत बसलो तर तुम्ही उठून जाल. माझं वेळापत्रक पहिल्या तीन दिवसांत दोनदाच चुकलं, तेही सुहास चहाला वीस मिनिटांऐवजी दहाच मिनिटं थांबला म्हणून. फिनलंडमध्ये तर रेनडियर खरोखरच रस्त्यात बसलेले सापडले. दोन हजार नव्हते. चार होते. यमुना म्हणाली, “बाकीचे कुठं गेले?”

मृणालनं वाटेत तिला आपला मोबाइल समजावून दिला. कुणाचा फोन आला ते न बघता कळावं म्हणून तिनं प्रत्येकाला वेगळा आवाज लावला होता. सुहासचा आला की कोंबडा आरवायचा. “आणि तुमच्या बाईंना मी देवळातली घंटा लावलीय, आई.” यमुनेला ते फार आवडलं. पेट्रोल पंपावर सुहास उतरला की ती म्हणायची, “लाव रे फोन,” आणि कोंबडा आरवला की लहान पोरीसारखी हसायची.

चौदाला दुपारी दोन पन्नासला आम्ही टोकाला पोहोचलो. वीस मिनिटं उशीर. एक उघडंबोडकं पठार, एकदम तुटलेला कडा, खाली राखाडी समुद्र, आणि वारा असा की माझी टोपी त्यानं नेली ती बहुधा रशियात पडली असेल. रस्ता खरंच संपत होता. मी त्याच्या शेवटच्या टोकावर उभा राहिलो आणि मनातल्या मनात गाडी पुकारून घेतली.

यमुना भिंतीच्या आडोशाला बाकावर बसली. लुगड्यावर मृणालचं जाकीट, पायांत सुहासचे लोकरी मोजे, मांडीवर तळलेल्या मोदकांचा डबा आणि डब्यावर मोबाइल. आभाळात सूर्य लख्ख. चंद्राचा पत्ता नाही. बाईंचं गणित चोख होतं.

साडेसहा झाले. फोन वाजला नाही.

सात झाले. “दहा मिनिटं इकडं-तिकडं व्हायचीच,” मी म्हणालो.

साडेसात. मृणाल म्हणाली, “आई, थोडं दूध तरी घ्या.” यमुनेनं नकाराची मान हलवली. ओठ निळसर पडले होते. गाडीत बस म्हटलं, तर म्हणाली गाडीत रेंज जाते. आठ वाजले तेव्हा डब्यावर ठेवलेले तिचे हात थरथरताना मला लांबून दिसले.

“सुहास, तुझा फोन दे जरा,” मी म्हणालो. “समुद्राचा फोटो काढतो.”

भिंतीला वळसा घालून मी मागच्या बाजूला गेलो आणि फलटणला फोन लावला. तिकडं रात्रीचे पावणेबारा. पहिल्याच रिंगला बाईंनी उचलला.

“ढग आहेत, भोईटे. मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलेय, छत्री घेऊन. फट पडली की वाजवते.”

“बाई, ती थरथरतेय हो. सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे. वाजवा ना एकदा.”

“मला दिसला नाही.”

“पण उगवलाय ना? गणितानं?”

“गणितानं उगवलाय. दिसला नाही.” बाईंचा आवाज जरा उतरला. “आणि मी वाजवला तर परत आल्यावर ती मला विचारेल, आणि मी सांगून टाकीन. मला माहितेय ना माझं.”

फोन बंद झाला. मी वाऱ्यात उभा राहिलो. एकतीस वर्षं, नसलेल्या गाड्या पुकारल्या होत्या. आणखी एक.

मी मृणालचा नंबर लावला.

आणि भिंतीच्या पलीकडं, युरोप संपतो त्या कड्यावर, कोंबडा आरवला.

घंटा! घंटा वाजायला हवी होती! फोन बंद करायचं बटण सापडेना. कोंबडा दुसऱ्यांदा आरवला, तिसऱ्यांदा आरवला. मी हळूच कोपऱ्यावरून डोकावलो. सुहास स्वतःचे खिसे चाचपत होता. दोन-तीन गोरी माणसं कोंबडा शोधत होती. यमुना हातातल्या मोबाइलकडं बघत बसली होती. तिनं सुहासकडं पाहिलं नाही. कोपऱ्याकडंही पाहिलं नाही. आवाज थांबेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

मग उठली. “फलटण कुणीकडं रे?”

सुहासनं अंदाजानं हात केला. तिनं त्या बाजूला तोंड करून बाटलीतलं पाणी सोडलं, हात जोडले आणि डब्याचं झाकण उघडलं.

“बाईंचा फोन होता,” ती म्हणाली. “उगवला.”

“पण आई, हा तर कोंबडा—” मृणालनं तोंड उघडलं.

“मोदक खा,” असं म्हणून यमुनेनं त्या उघड्या तोंडात मोदक घातला.

मी दोन मिनिटं थांबून, समुद्र बघून आल्यासारखा पुढं आलो. “काय झालं?”

“उगवला म्हणे.”

“बरं झालं बाई.”

तिनं माझ्या हातावर मोदक ठेवला. हात हातातच धरून म्हणाली, “केवढे गार पडलेत. इतका वेळ वाऱ्यात कशाला उभं राहायचं?”

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी गुळवणीबाई आल्या. खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या, “यमुनाबाई, मी रात्री एक वाजेपर्यंत बसले होते. ढग हटले नाहीत. दिसला नाही, म्हणून वाजवला नाही. मनाला फार लागून राहिलंय. तुम्ही उपास सोडलात कसा?”

मी समोरच्या बशीतली बिस्किटं मोजू लागलो. चार होती.

“दुसऱ्या माणसानं पाहिला,” यमुना चहा गाळत म्हणाली.

“कुणी?”

“ह्यांनी.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग गच्चीच्या जिन्याकडं, मग परत माझ्याकडं. “एकाहत्तर अक्षांशावर? त्या दिवशी? शक्यच नाही!”

“गणितात नसेल बसत,” यमुनेनं कप त्यांच्या पुढं सरकवला. “पण ह्यांनी पाहिलेला मला चालतो.”